थोरलीचं ताट

रागी गुडघ्याएवढी होऊन थांबली, त्याच दिवसांत चंपा कायमची गावी आली.

आनेकलच्या स्टँडवर ती बसमधून उतरली तेव्हा तिच्याजवळ एक सूटकेस, एक कापडी पिशवी आणि शहरातल्या राजाजीनगरच्या घरातला जुना मिक्सर एवढंच होतं. मिक्सर प्रणीतने दिला होता. ज्याचा पाळणा हलवायला तिला नऊ वर्षांची असताना त्या घरी नेलं होतं तोच हा प्रणीत, आता पन्नाशीचा. आधी त्याचे वडील नरसिंहराव गेले, मागच्या पौषात आई वसुमती गेली, आणि घर बिल्डरला दिलं. 'अक्का, खूप केलंत तुम्ही आमचं. आता गावी जाऊन आराम करा,' असं तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता. ते पाणी खोटं नव्हतं. पण नव्या फ्लॅटमध्ये अक्काची खोली नव्हती, हेही खोटं नव्हतं.

धाकटा भाऊ मोहनकुमार मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता. सूटकेस त्याने पुढे टाकीवर आडवी धरली, मिक्सर चंपाने मांडीवर घेतला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठे कारखान्याची भिंत, कुठे प्लॉट पाडलेल्या लेआउटचे पांढरे दगड, आणि मधूनमधून रागीची शेतं. नाचणीला या कानडी मुलखात सगळे रागीच म्हणतात. कार्तिक सरत आला होता. या दिवसांत कणसं मुठीसारखी मिटून जड व्हायची. यंदा ती पोराच्या बोटांसारखी बारीक, वर ताठ उभी होती. जड कणीस वाकतं, पोकळ ताठ राहतं.

"दुसऱ्यांदा पेरली नाहीस?" चंपाने मागून विचारलं.

"कशावर पेरू? पेरणीला एक सर झाली ती झाली."

"आणि बोअर?"

"ते उन्हाळ्यातच हवा ओकायला लागलं. आता टँकर येतो. आला तर."



मोहनची बायको पवित्रा दारातच भेटली. तिने सूटकेस घेतली, चहा केला. चंपा आजवर या घरी यायची ती उगादीला नाहीतर गौरीला, दोन दिवसांसाठी, पिशवी भरून. तेव्हा पवित्रा भात टाकायची, वर पापड तळायची, नवी चटई अंथरायची. या वेळी तिने सूटकेसकडे बघितलं, ती ठेवायला जागा शोधली, आणि अखेर धान्याच्या रिकाम्या पिंपावर ठेवली.

संध्याकाळी चुलीवर पाणी चढवताना ती आतून म्हणाली, "अक्का, तुम्ही किती मुद्दे खाता?"

मुद्दे म्हणजे शिजवलेल्या रागीच्या पिठाचा गरम गोळा. तो चावायचा नसतो, आमटीत बुडवून गिळायचा. प्रश्न साधा होता. माणसांच्या हिशेबाने पाणी, पाण्याच्या हिशेबाने पीठ. पण पन्नास वर्षं दुसऱ्याच्या घरी राहिलेल्या बाईलाही असं कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. तिथे शिळं-ताजं जे उरेल ते भरपूर उरायचं.

"एक," चंपा म्हणाली.

"साकु?"

"साकु. बस झालं."

आई, भागीरथीबाई, पडवीत खाटेवर होती. ती इतकी आटली होती की पांघरुणाखाली कुणी आहे हे पटकन कळत नसे. गेले काही महिने ती चहात बुडवलेल्या बिस्किटावरच होती. भात घातला तर गालात धरून ठेवायची आणि थोड्या वेळाने उशीवर थुंकायची.

चंपा तिच्याजवळ बसली. "आई, मी आले."

आईने डोळे बारीक केले. "कोण?"

"चंपा."

"कोण चंपा?"

"अशीच करते आता," पवित्रा म्हणाली. "मला तर टँकरवाली म्हणते. मनावर घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पवित्रा मल्लाप्पाच्या मळ्यात गुलाब तोडायला गेली. गावात त्या एकट्याचं बोअर अजून पाणी देत होतं. ती ऊन चढल्यावर परत आली, हातांवर काट्यांचे ओरखडे घेऊन, आणि तशीच विळा उचलून रानात निघाली. चंपानेही विळा मागितला.

"तुम्हाला जमेल?" पवित्राने विचारलं.

"जमवते."

जमलं नाही. पहिल्या ओळीतच कंबर धरली. रागी नीट वाढली असती तर मांडीएवढ्या उंचीवर हात घालून कापता आली असती. ही खुरटी, त्यामुळे जवळजवळ जमिनीशी वाकावं लागत होतं. राजाजीनगरात तिने फरशा पुसल्या, पीठ मळलं, वसुमतीबाईंना शेवटची दोन वर्षं उचलून अंघोळ घातली. हात तयार होते, पण ते वेगळ्या कामाला. दुपारपर्यंत विळ्याच्या मुठीने तळव्याला फोड आला. तिने पदर गुंडाळला आणि कापत राहिली. मोहनच्या दोन ओळी पुढे, पवित्राची एक, आणि ती मागे. कुणी मागे वळून बघत नव्हतं, हेच बरं होतं.

कापता कापता तिला जेवणं आठवत होती.

हा तिचा जुना नाद होता. त्या घरी पहिली कित्येक वर्षं झोप आली नाही की ती उशीत तोंड घालून एकेक जेवण आठवायची. रात्रीची अंबील सकाळी थंड झालेली, तिच्यात ताक, वर मुठीने फोडलेला कांदा. आई कांदा विळीवर कधी चिरत नसे. चिरलेला कांदा कडू होतो म्हणायची. हुलग्याचं पाणी, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात बांधावरचा कुरडू खुडून आणायचा, तो शिजून ओंजळभर व्हायचा आणि चौघं-पाचजण त्यावर जेवायचे. चुलीच्या राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. त्याही संपल्या की चिंचोके. भात फक्त अमावस्येला. बाप गुंडूराव एका बाजूला, आई चुलीपाशी, मधे चंपा, तिची धाकटी बहीण यल्लव्वा आणि रांगता मोहन. यल्लव्वा पाखरासारखी टिपायची. चंपा मात्र खायची. तिचं ताट पहिलं रिकामं व्हायचं, आणि आई म्हणायची, 'ही बघा भीमाची बहीण.' सगळे हसायचे, बापही. त्या हसण्यासकट ते जेवण तिने जपलं होतं.

आणि सगळ्यांत जपलेलं ते शेवटचं. त्या संध्याकाळी न मागता आईने तिच्या ताटात दुसरा गोळा ठेवला. वर तूप घातलं. ते कुठून आणलं होतं देव जाणे. ती जेवत होती तोवर आईचा हात तिच्या पाठीवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने तिला बसमध्ये बसवलं. आईने पदर तोंडावर घेतला होता. बापाने हट्टाने पाठवलं, आईच्या मनात नव्हतं, हे चंपाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुसऱ्या गोळ्यावरून तिने ते ओळखलं होतं. राजाजीनगरात तुपाला तोटा नव्हता, पण तसं तूप तिने नंतर खाल्लं नाही.

आईला आपण आठवणार नाही, पण अंबील आठवेल, असं तिला वाटत होतं. म्हणून ती घाईने कापत होती. घरातलं पीठ गेल्या सालचं, खवट झालेलं. नव्या रागीची अंबील आईला द्यायची होती.

कापलेली रागी सुकली तशी मोहनने ती ट्रॉलीने आणून डांबरी रस्त्यावर पसरली. खळी आता कुणाची उरली नव्हती. रस्त्यावर घालायची, गाड्या वरून जातात, दाणे सुटतात. तिघं बाजूला उभी राहून काठीने पेंढ्या उलटत होती. कारखान्यांच्या बसेस गेल्या, दुधाची गाडी गेली. धूळ आणि कूस उडून मानेला, काखेत, डोळ्यांच्या कडांना खाज सुटली होती.

लेआउटकडून एक पांढरी कार आली आणि पेंढ्यांच्या आधीच थांबली. आतल्या तरुण माणसाने काच खाली केली.

"हा रस्ता आहे की तुमचं अंगण? चाकात अडकतं हे सगळं," तो हिंदीत म्हणाला.

"हळू घ्या सर, काही होत नाही," मोहन कन्नडमध्ये म्हणाला.

"बाजूला करा. मी थांबतो."

मोहनने एकदा पेंढ्यांकडे पाहिलं. मग खाली वाकून दोन्ही हातांनी त्या ओढायला लागला. पवित्रा आणि चंपाही वाकल्या. गाडीला जाण्यापुरती वाट झाली. माणूस फोनकडे बघत बसला होता. वाट झाली तशी काच वर करून निघून गेला. ओढाओढीत सुटलेले दाणे खडीच्या फटींत गेले. पवित्राने बसकण मारून ते बोटाच्या टोकाने उकरायला घेतले.

"राहू दे," मोहन म्हणाला.

"मूठभर तरी निघतील."

चंपाही तिच्याशेजारी बसली आणि उकरू लागली.

दुपारी चिंचेखाली बसल्यावर मोहनने विषय काढला. तो आधी बराच वेळ काठीचं टोक तासत होता.

"अक्का, अनुषाचा फोन होता." अनुषा त्याची मुलगी, शहरात महादेवपुऱ्यात एका कंपनीत कामाला. "तिच्या मॅडमना घरात बाई पाहिजे. बाळ लहान आहे. कानडी बाई नको म्हणतात, त्या पुण्याच्या, घरात आपल्यासारखी मराठी बोलणारी पाहिजे. राहायला खोली, जेवणखाण सगळं तिथंच."

चंपाने तळव्याच्या फोडावर पदर गुंडाळून घेतला.

"मी हो म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "तुझ्या मनात असेल तरच. हे साल कसं आहे तू बघतेसच. पुढच्या साली पाऊस झाला की ये परत. घर तुझंच आहे."

पवित्राने भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली आणि परत बांधली. तिला हे आधीच ठाऊक होतं, हे चंपाला त्या गाठीवरून कळलं.

"रागी घरात येऊ दे," चंपा म्हणाली. "मग बघू."

"सरी, ठीक आहे. घाई नाही. अनुषा रविवारी येणार आहे, तेव्हा बोल."

रागी घरात आली ती थोडी. वाऱ्याला सूप धरून पवित्रा उभी राहिली आणि बघता बघता फोलाचा ढीग दाण्यापेक्षा मोठा झाला. मोहन त्या ढिगाकडे पाठ करून उभा होता. पोती शिवायला त्याने सुई-दोरा आणला होता, तो न वापरताच खिशात घातला. सगळा दाणा घरातल्या पिंपातच मावला. चंपाची सूटकेस तेवढी खाली भिंतीशी आली.

चंपाने त्यातली थोडी रागी निवडली, धुतली, वाळवली आणि गिरणीवर घेऊन गेली. पीठ गरम गरम पदरात बांधून आणलं. त्या रात्री तिने अंबील शिजवली. सकाळी पवित्रा गुलाब तोडायला गेली, मोहन टँकरची चौकशी करायला गेला. घरात दोघीच. चंपाने शेजारच्या शिवलीलाकडून वाटीभर ताक मागून आणलं, अंबिलीत घुसळलं. कांदा घेऊन मुठीने फोडला. आईला खाटेवर उठवून, पाठीला उशी लावून बसवलं आणि पेला ओठांशी नेला.

आईने तोंड फिरवलं. मग थांबली. नाक हललं. तिने हाताने पेला धरला, चंपाच्या हातासकट, आणि प्यायली. घशाची शीर वरखाली होताना दिसत होती. थेंब हनुवटीवर आले ते तिने बोटाने पुसून चाटले.

"नवी रागी," आई म्हणाली.

"हो."

"कांदा?"

चंपाने कांद्याची पाकळी बारीक करून तिच्या हिरड्यांवर ठेवली. आई ती चोखत राहिली. तिच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी घरात असल्यासारखं दिसलं. आता ओळखेल, तिला वाटलं.

"कुणाची गं तू?" आईने विचारलं.

"इथलीच."

"बरं करतेस. हाताला चव आहे." आईने मान पुढे केली आणि आवाज उतरवला. "अजून आहे का मडक्यात?"

"आहे ना."

"मग झाकून ठेव. आमची थोरली येईल आता. तिच्या डोळ्यांपुढं ठेवू नको."

चंपाच्या हातातला पेला तसाच राहिला. "का?"

"लई खाते ती." आई हे रागाने म्हणाली नाही. पाऊस लई पडतो म्हणावं तसं म्हणाली. "एक गोळा खाते आणि दुसऱ्याकडं बघत बसते. धाकटी बघ, चिमणीएवढं टिपते, तिचं काही नाही. पोरगं अजून अंगावर आहे. मला दूध नाही. कुठून आणू?"

बाहेर रस्त्यावरून कारखान्याची बस गेली. पडवीच्या पत्र्याला हादरा बसला आणि थांबला.

"राजाजीनगरचे राव आलेते," आई सांगू लागली. "आपल्याच भाषेचे. बाळाशी खेळायला पोर पाहिजे म्हणत होते. धाकटी द्या म्हणाले, लहान आहे, रुळेल. हे म्हणाले, कुणालाच द्यायचं नाही, मरू तर सगळी मिळून मरू. मीच म्हटलं, थोरलीला न्या. ती गेली की दोघं जगतात. तिचंही पोट भरंल तिथं."

"आणि ते? त्यांनी ऐकलं?"

"दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग घेऊन गेले."

चंपाने खाटेचा पाय धरला. "तिला सांगितलंत?"

"सांगून काय? रडली असती. आदल्या दिवशी पोटभर घातलं आणि पाठवली." आईने पेल्याकडे पाहिलं. "स्वल्प अजून दे."

चंपा उठली. मडक्यातून आणखी अंबील घेतली, ताक घातलं, हलवलं. पेला दोन्ही हातांनी धरला. आईने तेवढीही संपवली. मग ती आडवी झाली आणि तोंड उघडं ठेवून झोपी गेली.

त्या दिवशी आणि पुढेही चंपाने हे कुणाला सांगितलं नाही. तिने फोलाचा ढीग परत एकदा पाखडला. पवित्राने एकदा पाखडला होता, त्यात काही उरलं नव्हतं, तरी ती सूप हलवत राहिली. खांदे भरून आले. तिला आईचा राग येत नव्हता, आणि हेच तिला सोसत नव्हतं. तिघांतली दोन वाचवायची तर जी जास्त खाते तिलाच काढावं लागतं. तिने स्वतः तरी दुसरं काय केलं असतं? हिशेब बरोबर होता. पण भीमाची बहीण म्हणून सगळे हसायचे तेव्हा आई हसत नव्हती, मोजत होती. पाठीवरचा तो हात, ते तूप. ती उशीत तोंड घालून आठवायला गेली तर प्रत्येक जेवणात आता आईचे डोळे तिच्या ताटावर होते. एकही जेवण सुटलं नाही.

तिला घास उतरेना. एका गोळ्यातलाही अर्धा ती ताटात ठेवू लागली.

"अक्का, तब्येत बरी नाही का?" पवित्राने विचारलं.

"बरी आहे. भूक नाही."

पवित्रा तिच्याकडे बघत राहिली. "मी त्या दिवशी किती खाता म्हणून विचारलं, ते धरून बसलात का?"

"नाही गं."

"मला पाणी ठेवायचं होतं म्हणून विचारलं."

"ठाऊक आहे मला."

आई मात्र रोज अंबील पिऊ लागली. रोज तेच ताक मागायची, तोच कांदा, आणि कधी मल्लाप्पाच्या आईविषयी बोलायची, कधी एका मेलेल्या म्हशीविषयी. थोरलीचं तिने परत काढलं नाही. चंपाने विचारलंही नाही. ती पाजायची, तोंड पुसायची, लुगडं बदलायची. हात काम करत होते. वसुमतीबाईंचंही तिने असंच केलं होतं.

रविवारी अनुषा आली. येताना केक आणला, टँकरच्या पाण्यासाठी दोन मोठे कॅन आणले. ती चांगली मुलगी होती. आत्याच्या शेजारी बसून तिने फोनवर फोटो दाखवले. "ही खोली तुझी, आत्या. सेपरेट. टीव्ही पण आहे. मॅडम एकदम साध्या आहेत. मी त्यांना सांगितलंय, आमच्या आत्याच्या हातची चव बघा एकदा."

"सांगितलंस?"

"म्हणजे, जवळपास सांगितलंय. आज संध्याकाळी गाडी बुक करूया का?"

"आधी जेवू," चंपा म्हणाली.

उन्हं उतरत असताना सगळे जेवायला बसले. अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची आमटी होती. दाणे शेतातलेच, रागीत टाकलेल्या ओळींचे, तेही मोजकेच निघालेले. मोहन, अनुषा आणि चंपा ओळीने. पवित्रा भांड्यापाशी. दाराबाहेर खाटेवर आई.

पहिला घास गिळून मोहन म्हणाला, "नव्या रागीची गोष्टच वेगळी. आईच्या हातचं आठवतं का गं अक्का? अनुषा, तुम्हाला ते सुख नाही. घरात काही नसायचं, पण ताटावर बसलं की राजासारखं. आम्ही गरीब आहोत हे मला शाळेत जाऊन कळलं बघ."

"रोज काय असायचं, अप्पा?" अनुषाने विचारलं.

"हेच. मुद्दे आणि हुलग्याचं पाणी. पण उपाशी कधी झोपलो नाही. आई दर वेळी विचारायची, मोहना, अजून घालू? यल्लव्वा कधी घ्यायची नाही, मी घ्यायचो. एवढ्या गरिबीत कसं पुरवायची कोण जाणे."

तो हसत होता. त्याचं सगळं खरं होतं, चंपाला दिसत होतं. त्याच्या आठवणीत कुठे भेग नव्हती.

"मी गेल्यावर पुरायला लागलं," ती म्हणाली.

मोहनचा हात ताटात थांबला. "काय?"

"मी गेल्यावर. मला कधी विचारलं नाही तिने, अजून घालू का म्हणून. एकदाच घातलं, जायच्या आदल्या दिवशी."

अनुषा एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत होती. चंपाचा आवाज चढलेला नव्हता. जेवताना मीठ मागावं तसा होता.

"अक्का," मोहन अखेर म्हणाला, "तेव्हा मी रांगत होतो."

"तुझ्यावर ठेवत नाही मी. तुझं जेवण तुझ्यापाशी राहू दे." तिने बोटं ताटाच्या कडेला पुसली. "मोहना, मी महादेवपुऱ्याला जाणार नाही."

"आत्या, पण मी मॅडमना—" अनुषा म्हणाली.

"त्यांना सांग, आत्याने नाही म्हटलं. माझं नाव घे."

"अक्का, साल कसं आहे बघतेस ना?" मोहनचा आवाज खाली गेला. "पिंपात काय आहे ते तूच भरलंस. फाल्गुनापर्यंत पुरलं तर नशीब."

"भरलंय, म्हणूनच ठाऊक आहे. उद्यापासून मी पवित्राबरोबर मल्लाप्पाच्या मळ्यात जाते. मी मल्लाप्पाला विचारून आले आहे. काटे लागतात तेवढे लागू देत. आईचंही मीच बघीन. पण आता दुसऱ्याच्या घरी पोट भरायला जाणार नाही. भरेल तेवढं इथं भरेल. नाही भरलं तर तुमच्यासारखंच नाही भरणार."

मोहनने मान खाली घातली. तो आमटीत बोट फिरवत राहिला. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. अनुषा उठून फोन घेऊन अंगणात गेली. तिचा इंग्रजीतला आवाज ऐकू येत होता, माफी मागितल्यासारखा.

चंपाच्या ताटातला गोळा संपला होता. कित्येक दिवसांनी संपला होता. पोटात आग होती. ती बसून राहिली, ताट पुढे सरकवलं नाही, हात धुवायला उठली नाही. मग पवित्राकडे बघून म्हणाली, "एक घाल."

पवित्राने भांड्यात पाहिलं. आत एकच गोळा होता, तिचा स्वतःचा. ती सकाळपासून गुलाबात होती आणि चहाशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं. चंपाला ते माहीत होतं. तिने ताट तरीही तसंच धरलं. एवढ्या वर्षांत कधी न मागितलेलं मागताना तिची मान ताठ झाली होती, आणि ती ताठ मान खाली घ्यायची नाही असं तिने ठरवलं होतं.

पवित्राने हात पाण्यात बुडवला. गोळा उचलला, तळव्यावर घेतला, मधून मोडला. अर्धा चंपाच्या ताटात ठेवला, अर्धा आपल्या ताटात घेतला आणि भांड्यापाशी बसायची ती उठून चंपाच्या शेजारी येऊन बसली.

"अर्धाच आहे, अक्का."

"चालेल. वाढ आमटी."

ताटं हलल्याचा आवाज बाहेर गेला असावा. खाट करकरली.

"कोण जेवतंय गं आत अजून?" आईने विचारलं.

मोहनने तोंड उघडलं, पण चंपाने हाताने त्याला थांबवलं.

"मी," ती म्हणाली, बाहेर ऐकू जाईल अशी. "थोरली. चंपी. माझं अजून व्हायचंय."

चंपाने गोळ्याचा तुकडा तोडला, आमटीत बुडवला आणि गिळला. मग दुसरा तोडला.